लेबलावर मोनो

आग्नेस चहा टाकायला आत गेली आणि मनमोहनने मांडीवरच्या पिशवीची चेन हळूच ओढली. हातात फार तर चार मिनिटं होती. पिशवीतली रेकॉर्ड समोरच्या निळ्या कव्हरात घालायची, कव्हरातली पिशवीत टाकायची आणि चहा पिऊन निघायचं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच खोलीत त्याने हेच केलं होतं, फक्त उलट.

नॉर्मनला जाऊन महिना झाला होता. काल माझगावच्या चर्चमध्ये त्याची महिन्याची मिस्सा झाली आणि आज सकाळी त्याच्या बायकोचा, आग्नेसचा, फोन आला. त्याच्या रेकॉर्डींतलं हवं ते घेऊन जा. निळी मात्र ओलिव्हियाची, बापाची आठवण म्हणून. ते ऐकून मनमोहनने लगेच आपली पिशवी काढली. ओलिव्हिया ती लावणार, आणि तिचे कान चांगले तिखट. लेकीला कळलं की आईला कळणार, आणि चाळीस वर्षांची मैत्री एका दुपारीत मातीमोल होणार. गिरगावातून तो टॅक्सी करून आला होता.

दोघांनाही जुन्या इंग्रजी रॉकचं वेड, आणि तेही साधं नाही. साठच्या दशकात एकाच अल्बमच्या दोन रेकॉर्डी निघायच्या. मोनोमध्ये सगळा बँड एकवटून समोर उभा राहायचा. स्टिरिओमध्ये गाणारा एका बाजूला आणि ड्रम्स-गिटार दुसऱ्या बाजूला, भांडण झालेल्या भावांसारखे. मोनो जीव ओतून केलेला असायचा, स्टिरिओ पुष्कळदा घाईत उरकलेला. या निळ्या अल्बमचा मोनो दोघांनी बारा वर्षं शोधला. आधी मिळाला नॉर्मनला, घोडपदेवच्या एका भंगारवाल्याकडे. पुढे मनमोहनलाही मिळाला. लेबलावर ठसठशीत ‘मोनो’ छापलेलं, आणि घरी येऊन लावतो तर आत चक्क स्टिरिओ! कारखान्यात कुणीतरी चुकीचं लेबल चिकटवलं होतं.

मनमोहनचा नुसता तिळपापड झाला. मग डोक्यात किडा वळवळला. लेबलं तर सारखीच आहेत. पुढच्या रविवारी नॉर्मन पाव आणायला खाली उतरला आणि काम झालं. त्यानंतर महिनाभर फोन वाजला की मनमोहन दचकायचा. पण नॉर्मन एका शब्दाने बोलला नाही. इतका मोनो मोनो करणाऱ्याला फरकसुद्धा कळू नये? म्हणजे सगळी नुसती ऐट, असं मनमोहनने ठरवून टाकलं, आणि त्या तुच्छतेच्या आधाराने इतकी वर्षं निर्लज्जपणे याच घरी जेवला.

कव्हर त्याने जेमतेम उचललं होतं, तोच आग्नेस कप घेऊन बाहेर आली. बिस्किटांचा डबा तिने त्याच्याकडे सरकवला.

“तीच घेतलीस ना हातात? मला ठाऊक होतं.”

“सहज बघत होतो.”

“बघ की. दर रविवारी मिस्सावरून आला की हीच लावायचा. कानाला हेडफोन, शेजारच्या म्हातारीला त्रास नको म्हणून. आणि स्वतः मोठ्ठ्याने गायचा. म्हातारी ती ऐकायचीच मग.”

“नॉर्मन गायचा?” मनमोहनला हसू आलं. “कधी ऐकलं नाही मी.”

“ह्याच एका रेकॉर्डवर. मी म्हटलं, काय रे, एवढा कशाला ओरडतोस? तर म्हणाला, ह्यात गाणारा गेलाय ग, कुणीतरी गायला नको?”

“गाणारा गेलाय म्हणजे?”

“दुसऱ्या बाजूला असेल. डावा कान बंदच ना त्याचा.”

मनमोहनचा कप बशीवर आपटला.

“बंद?”

“सात वर्षांचा असताना गालगुंड झालेले, तेव्हापासून ठार बहिरा त्या कानाने. तुला नाही माहीत?” आग्नेसच तोंडावर हात ठेवून बघत राहिली. “अरे देवा. सांगायला लाजायचा, पण तुला तरी सांगितलं असेल वाटलं. म्हणून तर मोनोच्या मागे होता. मोनोत एका कानाला अख्खं गाणं मिळतं, म्हणायचा.”

मनमोहन सुन्न झाला. नॉर्मन मान तिरकी करून ऐकायचा, कायम डावीकडच्या खुर्चीत बसायचा. आणि हा ती ऐट समजून मनातल्या मनात हसत आला होता. नॉर्मनला फरक कळला नव्हता? त्याला पहिल्याच रविवारी, पहिल्याच ओळीला कळला होता. गिटार होती, ड्रम्स होते आणि मध्ये माणूसच नव्हता. त्याच्या घरी त्या आठवड्यात आलं कोण होतं, हेही त्याला ठाऊक होतं. चोरी सापडण्याचं भय मनमोहनच्या ओळखीचं होतं. आता जे झालं त्याला काय म्हणावं ते त्याला कळेना.

“दुसरी तुझ्याकडे आहे ना हिची?” आग्नेस सहजपणे म्हणाली.

तिने त्याच्या हातातलं कव्हर घेतलं आणि आत बोटं घालून एक पिवळं कार्ड काढलं. नॉर्मन जन्मभर शाळेच्या लायब्ररीत होता. रेकॉर्ड बाहेर गेली की कव्हरात कार्ड ठेवायची सवय त्याला तिथलीच. शाळेतल्या त्याच वळणदार अक्षरात एकच ओळ होती: मनमोहन, ११ मे १९९७. पुढचा ‘परत’चा रकाना कोरा.

“मी कितीदा म्हटलं, माग ना त्याच्याकडून. तर म्हणे, मागायची काय, नेली आहे वाचायला, आणून देईल.” ती हसली. “ऐकायची रेकॉर्ड, आणि हा म्हणायचा वाचायला. आज आणलीस वाटतं?”

ती त्याच्या मांडीवरच्या उघड्या पिशवीकडे बघत होती. मनमोहनने होकारार्थी मान हलवली.

“मग घाल तारीख. परत देणाऱ्याने स्वतःच्या हाताने घालायची, असा त्याचा नियम होता,” आग्नेस म्हणाली, आणि रेकॉर्ड प्लेअरला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल तिने त्याच्यापर्यंत ओढून दिली.