रेषेबाहेरची नळी

प्रयोगशाळेत सकाळी बुरेकचा वास सुटला की देसांकाच्या पोटात ढवळायला लागायचं. रक्ताचा, लघवीचा, स्पिरिटचा वास तिला कधी खुपला नाही. तो कामाचा वास. पण खिमा भरलेला, चरबीनं थबथबलेला हा पापुद्र्यांचा बुरेक रक्ताच्या नळ्यांशेजारी ठेवायचा आणि चाटून झालेली बोटं अहवालाच्या कागदांना पुसायची, हे पाहिलं की तिला शिसारी यायची. आज तर बुरेक खुद्द साहेबांनीच मागवला होता. काम फत्ते झालं की सहकाऱ्यांना खाऊ घालायचं, ही सर्बियातली जुनी रीत. इथे काम अजून अर्धंही झालं नव्हतं, आणि खाणं मात्र उरकत आलं होतं.

काम होतं दोन पद्धतींची तुलना. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ते घटलं की पाय सुजतात, आणि फारच घटलं की नसांत गुठळ्या होऊ लागतात. ते मोजायला इस्पितळात कित्येक वर्षं एक हिरवा रंग वापरत. हा रंग मोठा लाळघोट्या. अल्ब्युमिन कमी पडलं की तो शेजारच्या प्रथिनांनाही जाऊन चिकटायचा आणि आजारी माणसाचा आकडा फुगवून सांगायचा. नव्यानं आलेला जांभळा रंग एकनिष्ठ होता, अल्ब्युमिन सोडून कुणाकडे ढुंकूनही पाहत नव्हता. धडधाकट माणसात दोघांचे आकडे जवळपास सारखेच यायचे, आलेखावर ठिपके सरळ एका रेषेत बसायचे. खोट उघडी पडायची ती आजाऱ्यांच्या रक्तात.

साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. क्रस्तिवोये. हिरवा रंग पुरवणारा त्यांच्याबरोबर रानडुकराच्या शिकारीला जायचा. त्यामुळे तुलनेसाठी रक्त कुणाचं घ्यायचं, हे त्यांनी स्वतःच ठरवलं: परिचारिका, चालक, स्वयंपाकी, आणि सगळ्यांना उत्साह यावा म्हणून स्वतः साहेब. वॉर्डातल्या रुग्णांच्या नळ्या देसांकानं दोनदा त्यात घातल्या, आणि दोन्ही वेळा त्यांनी त्या काढून टाकल्या.

"रेषा बिघडते गं त्यांनी," ते म्हणाले होते.

तिला तिथेच ठणकावता आलं असतं. पण क्रस्तिवोये तिचे नुसते साहेब नव्हते, कूम होते, मुलीचे धर्मपिता; तिलाही ते कुमा म्हणत. तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच हातावर धरलं होतं. सख्खा भाऊ दुरावला तर लोक हळहळतात; कूमला दुखावलं तर तोंड फिरवतात. म्हणून देसांका इतके दिवस मूग गिळून बसली होती, आणि आपल्याच गप्प बसण्याची तिला किळस येत होती.

कारण वर तिसऱ्या मजल्यावर ग्रोझ्दाना पडून होती. अर्ध्या गावाचे केस कापणारी, कात्रीपेक्षा जीभ जास्त चालवणारी ग्रोझ्दाना. तिच्या मूत्रपिंडांतून प्रथिन वाहून जात होतं आणि पाय खांबासारखे सुजले होते. आकडा पंचवीसच्या खाली गेला तर गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शन सुरू करायचं, असा वॉर्डाचा नियम. हिरव्यानं सांगितलं एकोणतीस. देसांकानं गुपचूप जांभळ्यावर लावून पाहिलं, तर बावीस! ती धावत वर गेली. तिथले डॉक्टर विदोये भला माणूस, पण भित्रा.

"देसांका, बाई, मला पटतंय हो," तो म्हणाला. "पण उद्या हिला रक्तस्राव झाला तर मी काय सांगू? खालून तोंडी निरोप आला होता, असं? जांभळ्याच्या आकड्यावर साहेबांची सही आणा, लगेच टोचतो."

पलंगावरून ग्रोझ्दाना म्हणाली, "काय कुजबुज चाललीये? मरणारबिरणार असेन तर आधी सांगा. पुढच्या आठवड्यात तीन नवऱ्या यायच्यात माझ्याकडे."

ती सही आता साहेबांच्या चरबट बोटांत अडकली होती.

"ये, कुमा, ये!" ते संगणकाच्या पडद्यासमोर बसून म्हणाले. "बघ कशी सरळ रेष आलीये. पद्धती जुळतात, नव्या रंगाची गरज नाही. संपला विषय. बुरेक घे."

"नको. पोट ठीक नाही."

"तुझं पोट कधी ठीक असतं?" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, तिथे तेलाचा ठसा उमटला. "हा एक ठिपका तेवढा रेषेबाहेर पडलाय. हिरव्यावर तीस, जांभळ्यावर तेवीस. कुणीतरी नळी नासवली असणार. फेकून दे."

देसांकानं ठिपक्याखालचा नंबर वाचला, पुन्हा एकदा वाचला. सगळ्यांचं रक्त तिनंच काढलं होतं.

"कूम," ती म्हणाली, "ती नळी तुमची आहे."

ते हसले. मग हसू तसंच ओठांवर राहिलं आणि डोळे खाली वळले, स्वतःच्या बुटांकडे. नाड्या सुटलेल्या होत्या. बांधल्या तर रुतत असणार. ते उठले, लघवी तपासायची पट्टी घेऊन संडासात गेले आणि परत आले तेव्हा पट्टीवरचा प्रथिनाचा चौकोन गडद झाला होता आणि चेहरा पांढराफटक.

दार लोटून त्यांनी थेट विदोयेला फोन लावला. "अरे, माझ्यासाठी एक पलंग ठेव. हो, माझ्यासाठीच. आणि इंजेक्शन आजच सुरू कर. तेवीस आहे. जांभळ्यावर, जांभळ्यावर! हिरव्याचं काय घेऊन बसलास?"

फोन ठेवून ते तिच्याकडे वळले. "कुमा, माझी नळी जांभळ्यावर पुन्हा एकदा लाव. खात्री हवी."

"आणि अहवाल?"

"अहवाल आहे तसा जाईल. एक ठिपका काढल्यानं कुणाचं काय बिघडतंय?"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! देसांकाला मळमळून आलं. आणि या खेपेला बुरेकचा काही दोष नव्हता.

"नाही लावणार," ती म्हणाली.

"काय?"

"पद्धती जुळतात ना? तुम्हीच म्हणालात. मग तुमचा आकडा तीस. घरी जा, पाय वर करून झोपा."

"देसा, मी तुझ्या पोरीला हातावर घेतलंय!"

"म्हणूनच आजवर तोंड शिवून बसले. वर ग्रोझ्दाना पडलीये, तिच्या गुठळीला तुमचा शिक्का हवाय, आणि तुम्हाला स्वतःला मात्र फोनवर भागतंय? लाज वाटत नाही?"

ते खुर्चीत बसले. एवढा आडवातिडवा गडी, पण एकाएकी म्हातारा दिसू लागला. मग त्यांनी अहवाल पुढे ओढला, 'पद्धती जुळतात' ही ओळ खोडली आणि खाली लिहिलं: कमी आकड्यांसाठी हिरव्यावर विसंबू नये, जांभळा वापरावा. सही केली, शिक्का मारला.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं. "आता माझी नळी."

देसांकानं वॉर्डातल्या नळ्या मांडल्या. सगळ्यात पुढे ग्रोझ्दानाची, सगळ्यात शेवटी साहेबांची. यंत्र घुमायला लागलं. ग्रोझ्दानाचा आकडा आला, पुन्हा बावीस. तिनं तो सहीनिशी वर पाठवला. विदोयेनं फोनवर एवढंच म्हटलं, "टोचतोय."

"बघ," साहेब मागून म्हणाले. आवाजात पुन्हा जुना तोरा यायला लागला होता. "शेवटी कूमनंच ऐकलं ना तुझं? बाईचा जीव वाचला. वर सांग सगळ्यांना, क्रस्तिवोयेनं सही केली म्हणून."

तिनं मागे वळून पाहिलं नाही. हीच नळी एखाद्या स्वयंपाक्याची असती, तर आत्ता कचऱ्याच्या डब्यात असती. स्वयंपाकी सुजलेल्या पायांनी सूप ढवळत राहिला असता, आणि ग्रोझ्दाना गुठळीची वाट पाहत.

शेवटचा आकडा पडद्यावर आला. "तेवीस," देसांका म्हणाली.

मागे क्रस्तिवोये हुंदका देऊन रडायला लागले. कूम रडतोय म्हटल्यावर जवळ जायचं असतं, खांद्यावर हात ठेवायचा असतो. देसांकानं हातमोजे काढले, पण तिचा हात काही पुढे होईना.