शकुनबाईच्या भिंतीवरचा लाल पंजा

"रक्त! रक्त निघालं!" असा ओरडा झाला आणि अड्याळबाहेरच्या तलावावरच्या बंगल्यात जमलेली गर्दी मागच्या खोलीकडे धावली. मंडईच्या जत्रेला जमतं तेवढं गाव त्या सकाळी आवारात शिरलं होतं. खोलीच्या भिंतीवर हळदीने उमटवलेला एका बाईचा पंजा होता. बंगल्यातले बाकीचे पंजे पिवळेधमक, हा लालभडक.

पंजा शकुनबाईचा होता. खोलीही तिचीच.

या बंगल्याचा इतिहास मला पाठ आहे, कारण फाटकावरच्या फलकासाठी तो मीच लिहून दिला. कुण्या मालगुजाराने, म्हणजे जुन्या जमीनदाराने, हवापालटासाठी बांधलेला. मालगुजारी गेल्यावर त्यात धानाची पोती राहिली, नंतर वटवाघळं. शेवटी तुमसरच्या घनश्यामशेठने तो विकत घेऊन त्याचं हॉटेल केलं. "गुरुजी, इतिहासात एखादं भूत टाका ना जी, गिऱ्हाईक येते," असा त्याचा आग्रह होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो, भूत टाकलं नाही. मग त्याने ते दुसरीकडून मागवलं.

एवढ्या उलथापालथीत जागची हलली नव्हती ती फक्त शकुनबाई. तिच्या सासूला मालगुजाराने राखणीसाठी ही खोली दिली होती. आता शेठला तिथे पोहायचा तलाव खोदायचा होता. समोर अख्खा तलाव पसरलेला असताना! शकुनबाई खोली सोडायला तयार नव्हती.

अशात हॉटेल चालेना, म्हणून शेठच्या बोलावण्यावरून त्रिकाल महाराज अवतरले. भूत, भविष्य, वर्तमान तिन्ही दिसतात म्हणे. फक्त येताना अड्याळचा रस्ता दोनदा विचारावा लागला. "या वास्तूत चेटूक आहे!" महाराज गरजले. "ज्याचा हात पापी, त्याच्या हळदीचं रक्त होईल!" नव्या घरात बाया हळदीचे हात उमटवतात, त्याचीच इथे परीक्षा केली. प्रत्येकाने आपापल्या जागी हात उमटवायचा: मॅनेजर मनीषने काउंटरच्या भिंतीवर, केशरबाईने स्वयंपाकघरात, शकुनबाईने तिच्या खोलीत.

मी पोचलो तेव्हा तिचं अंथरूण अंगणात फेकलेलं होतं. दिवस मावळायच्या आत तिने गाव सोडायचं, असं ठरूनही गेलं होतं.

"मी काई नाई केली जी, गुरुजी," ती म्हणाली. रोज तिच्या ताटात जेवणारी केशरबाई लांब सरकली. "मले तिच्याजवळ उभं नोका करू."

माझं डोकं तापलं. हळदीच्या ताटात हात बुडवला आणि शकुनबाईच्या पंज्याशेजारी ठोकला. बघता बघता तोही लाल झाला.

"अगा बाई! गुरुजी बी?"

"हो, मी बी. हाकला मले! आता महाराज, तुमचा हात आना."

महाराजांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "आज आमचं मौन आहे," ते म्हणाले.

मग मी शकुनबाईला काउंटरशी नेलं आणि तिथल्या भिंतीवर तिचा हात उमटवला. पिवळा. पिवळाच राहिला.

"केशरबाई, पाय मुरगळला का काय लावता?"

"हळद-चुना."

"त्याचा रंग?"

तिने मागच्या खोलीकडे वळून पाहिलं. "लाल होते जी..."

"शकुनबाई, खोलीले चुना कवा मारला?"

"परवाच. दिवाळीच्या आधी दरवर्सी मारतो."

झालं होतं ते एवढंच. हॉटेल करताना शेठने सगळ्या भिंतींना महागडा रंग दिला, शकुनबाईच्या खोलीला दिला नाही. तिने आपली चुन्याने रंगवली. ओल्या हळदीला ताजा चुना लागला की ती लाल होते, मग हात साधूचा असो की चोराचा. पिढ्यान्‌पिढ्या मुरगळलेल्या पायावर बघितलेला रंग भिंतीवर दिसला, आणि अख्ख्या गावाला तो रक्त वाटला!

"मले काय माहीत? महाराज म्हनले म्हनून..." घनश्यामशेठ पुटपुटला.

"अन् तिले याच भिंतीवर हात लावाले कोनं सांगितलं?"

शेठ मागच्या मागे सरकू लागला. महाराजांचं मौन तर आता खरंच सुरू झालं होतं. ते सटकू लागताच त्यांना अडवून कुणीतरी पोलिसांना फोन लावला. बाकीचे हळूहळू पांगले. शकुनबाईची माफी कुणी मागितली नाही. केशरबाई तेवढी अंथरुणाचं एक टोक धरून ते आत नेऊ लागली.

शकुनबाई उंबऱ्यावर बसून होती. हाताची हळद पुसत तिने विचारलं, "गुरुजी, तुमी आज गावात नसते, भंडाऱ्याले गेले असते त?"

त्या प्रश्नापासून माझं मन थाऱ्यावर नाही. म्हणून हात जोडून सांगतो, कुण्या गुरुजीची वाट बघू नका. पुन्हा कुणी तुमच्या शेजारणीच्या हाताचं रक्त दाखवलं, तर तिला हाकलण्याआधी त्याच भिंतीवर एकदा आपला हात ठेवून बघा.