मेदेरच्या घराचा पाया

मेदेरने काडाच्या गठ्ठ्यांचं घर बांधायचं ठरवलं, तेव्हा नारीन नदीच्या वरच्या अंगाच्या त्या गावात दोन तट पडले. एक हसणाऱ्यांचा, दुसरा पोट धरून हसणाऱ्यांचा.

सगळ्यांत जास्त हसला शारशे अता. मेदेरचा थोरला चुलता, नव्वदीचा, तोंडात दात नाहीत पण जीभ शाबूत. "घर बांधतोयस की गाईचा फराळ?" तो म्हणाला.

पण मेदेरची बायको गुलसून हटून बसली होती. जुन्या मातीच्या घरात गाडीभर कोळसा जाळला तरी सकाळी बादलीत बर्फ असायचा. "येत्या हिवाळ्यात मी मेंढ्यांत झोपणार. त्या तुमच्याहून ऊबदार आहेत आणि घोरत नाहीत," असं तिने चारचौघांत सांगून टाकलं होतं.

भिंती काडाच्या, एवढं ठरलं. घोडं अडलं ते पायावर. मेदेरची जागा पाटाकडेची, चिकणमातीची. थंडीत ती मुळ्यासारखी फुगायची आणि वसंतात लापशी व्हायची.

गुलसूनचा थोरला भाऊ एस्केन याच्याकडे काँक्रीट कालवायचं यंत्र होतं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याचा उतारा एकच. त्याच्या मनात आलं असतं तर त्याने कोंबडीलाही काँक्रीटचं घरटं दिलं असतं. "हातभर खण, वर लादी ओत, विषय संपला," तो म्हणायचा.

शारशे अताला तेही पसंत नव्हतं. "आपल्या बापजाद्यांचा जन्म नमद्याच्या तंबूत, युर्तात गेला. युर्ताला होता कुठे पाया?"

"अता, युर्त उचलून दुसरीकडे नेता येतो," गुलसून म्हणाली. "हे घर कललं तर काय उंटावर घालायचं?"

मेदेरचा स्वभाव असा की शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. सकाळी एस्केनचं पटलं, दुपारी अताचं, आणि संध्याकाळी दूध आणायला गेला तर गवळणीचंसुद्धा.

"तुमचं डोकं म्हणजे सराई," गुलसून वैतागली. "येईल तो मुक्काम करून जातो!"

असं करता करता तो हंगाम वाया गेला, आणि ऐन जानेवारीत शारशे अता गेला. मरण चांगलं आलं. घोड्याच्या मांसाचा चरबीदार तुकडा खाल्ला, दुसरा मागितला आणि तो येण्याआधी मान टाकली. हनुवटीवर चरबी तशीच होती.

कबर खणायचं काम घरच्या पुरुषांचं. जमीन लोखंड झालेली. आधी वर जुने टायर आणि शेणी जाळल्या, मग कुदळी चालल्या. पाळी आली तसा मेदेर खड्ड्यात उतरला. वरच्या चिकणमातीत त्याला बर्फाचे पापुद्रे दिसले, मांसात चरबीचे थर असावेत तसे, एकावर एक. त्याखाली जुन्या नदीच्या गोट्यांचा पट्टा होता. तोही गारठलेलाच, पण कोरडा. त्यात बर्फाचा एक थर नव्हता. आणखी खाली गेल्यावर एकाएकी कुदळ मऊ मातीत रुतली. गोठलेला थर संपला होता.

मेदेर ताठ उभा राहिला. गोठलेली जमीन त्याच्या गळ्याएवढी खोल होती.

"बाइके!" त्याने थोरल्या मेव्हण्याला, एस्केनला, मानाने हाक मारली. "खाली या लवकर!"

"काय सापडलं? सोनं?"

"अहो, थंडी बघा कुठपर्यंत शिरते! आणि तुमची लादी हातभरावर! ही माती ती लादी टोपीसारखी उडवेल!"

एस्केन उतरला. त्याने मातीत नखं खुपसून पाहिली, आणि कबरीत उभ्या उभ्या दोघांचं जुंपलं. "मग गळ्याएवढं काँक्रीट ओत!" एस्केन म्हणाला.

"तेवढ्या सिमेंटात धरण होईल! मी खोल चर खणतो, नदीच्या गोट्यांनी भरतो आणि तळातून उताराकडे पाण्याला वाट देतो. पाणीच थांबलं नाही, तर फुगेल काय?"

"मयत ताटकळलीय रे!" वरून गावचा मुल्ला, मोल्दो ओरडला. त्यालाच नमाज पढवायचा होता.

"मोल्दोके, त्यांना आता थंडी वाजणार आहे का?" एस्केन म्हणाला.

मोल्दोने काठावरून वाकून पाहिलं, दाढी खाजवली. "जोतं मात्र दगडाचं, गुडघ्याच्या वर घ्या," तो म्हणाला. "वितळता बर्फ काडाला लागला की घराचं खत झालंच म्हणून समजा."

मग काठावरचा जो तो वाकून सल्ले देऊ लागला. कोणी म्हणे, दगड आणि काडाच्या मध्ये डांबरी कागद घाल; कोणी म्हणे, पाटाची दिशाच बदल. मेदेरने मान वर केली, तर सगळ्या टोप्यांच्या पलीकडे नमद्यात गुंडाळलेला अता एकटाच पडलेला. मेदेरला भयंकर हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. रडतानाच तो एस्केनला म्हणाला, "नाही बाइके. गोटेच."

थोरल्या मेव्हण्याला त्याने उभ्या जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. "कबरीत उभं राहून पाया ठरवलात?" गुलसून दारातच गरजली. "लाज विकून खाल्लीत?" मग आवाज उतरवून म्हणाली, "किती खोल?"

मेदेरने गळ्याला हात लावला.

"मग खणा."

उन्हाळ्यात मदतीला सगळी आळी लोटली. गाड्याच्या गाड्या गोटे आले. एस्केन रुसून बसला होता, पण यंत्र रिकामं पडलेलं त्याला बघवेना. शेवटी आलाच. "वरून एक पट्टी तरी ओतू दे रे, हात शिवशिवतात," म्हणाला. मेदेरने गोट्यांवर पट्टी ओतू दिली. त्यावर दगडी जोतं, डांबरी कागद आणि मग काड. भिंतींना आतबाहेर मातीचा जाड गिलावा बसला.

पुढच्या वसंतात बर्फ उतरला, पाट भरला, माती लापशी झाली. गिलाव्याला तडा गेला नाही. दार एका बोटाने उघडत होतं.

तक्रार राहिली ती वेगळीच. घर इतकं ऊबदार, की थंडीत चहाला आलेला माणूस कोट काढून लोळायचा आणि जेवल्याशिवाय हलायचा नाही. गुलसून रोज कढईभर बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळायची आणि मेदेरकडे बघून म्हणायची, "इतकं चांगलं बांधायला कोणी सांगितलं होतं?"