गालिच्यावर ठेवलेला पेला

सुवैलिमने कॉफीचा पेला ओठांना न लावता समोरच्या गालिच्यावर ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले आणि तो थांबला.

पेला असा खाली ठेवला की पुढचे सगळे ठरलेले असे. पाहुणा काही मागायला आला आहे, आणि मागणे मान्य होईपर्यंत तो या घरची कॉफी पिणार नाही, एवढे यजमानाला न सांगता कळे. यजमान काय हवे ते विचारी, पाहुणा सांगे, यजमान म्हणे, "पी, दिलं." त्यावर कागद नसे, साक्षीदारांची सही नसे. दिलेले परत घेतल्याचे या किनाऱ्यावर कोणी ऐकले नव्हते.

मात्र हे घर नव्हते, बेटावरचे रिसॉर्ट होते. काळ्या लोकरीसारख्या दिसणाऱ्या, परंतु लोकर नसलेल्या कापडाचा हा तंबू तिन्ही बाजूंनी उघडा होता, आणि त्याच्या खांबांतून गार हवा बाहेरच्या तापल्या वाळूवर सोडली जात होती. सुवैलिमने एकतीस वर्षे समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या कारखान्यात पाळी केली होती. बादलीभर गोड्या पाण्याला किती तेल जळते ते त्याला तोंडपाठ होते. तंबूपासून वीस पावलांवर समुद्र होता, आणि समुद्रापासून दहा पावलांवर गोड्या पाण्याचा तलाव, त्यात कोणी नव्हते. तलावाच्या काठी लाकडी पाटी होती: टॉवेल पुन्हा वापरा, समुद्र वाचवा. पाटी वाचणारे पाहुणे विमानाने येत. ते विमान थेट पाण्यावर उतरे, आणि ते उतरले की दोन दिवस त्या बाजूला मासा फिरकत नसे.

"साहेब म्हणतात, कॉफी आवडली नाही का?" शेजारी मांडी घालून बसलेला राकान म्हणाला. राकान तिशीचा, जेद्दात शिकलेला, रिसॉर्टचा गावकऱ्यांशी बोलणारा अधिकारी. त्याच्या पांढऱ्या झग्याला इस्त्रीची घडी होती आणि छातीवर नावाची पट्टी.

"साहेबाला सांग, पेला खाली आहे."

राकानने सांगितले. हेन्ड्रिक नावाच्या त्या उंच व्यवस्थापकाचा चेहरा एकदम उजळला. त्याने टाळी वाजवली आणि दोन शब्द चक्क त्यांच्याच बोलीत, मोडकेतोडके उच्चारले: "काय हवं?"

सुवैलिम चमकला. इथपर्यंत येताना त्याने या माणसाला मनातल्या मनात पुरेशी नावे ठेवली होती. आता क्षणभर त्याला स्वतःचीच शरम वाटली.

"घुरैबची खाडी," तो म्हणाला. "आमच्या चौदा होड्या तिथे लागतात. तुम्ही ती दोर टाकून बंद करणार, असं ऐकलं. कासवांना शांतता हवी म्हणून. कासवं माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्या होड्यांच्या मधून वर येतात आणि अंडी घालतात. या बेटावर यायची थांबली ती तुमचे दिवे लागल्यावर. खाडी आमच्याकडे राहू द्या. चौदा घरांची चूल त्यावर आहे."

राकानने भाषांतर केले. ते मूळ बोलण्यापेक्षा फार लवकर संपले. हेन्ड्रिकने मान कलती करून ऐकले, तळहात छातीवर ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "पी! दिलं!"

आजूबाजूच्या लोडांवर रेललेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने मोबाइल उंच धरला. सुवैलिमचा हात पेल्याकडे गेला. तेवढ्यात पलीकडच्या लोडावरच्या, नाक उन्हाने लाल झालेल्या बाईने आपला पेला गालिच्यावर टेकवला आणि काही म्हटले. सगळे हसले.

"पी! दिलं!" हेन्ड्रिक म्हणाला. पुन्हा टाळ्या.

सुवैलिमचा हात अर्ध्यावरच राहिला.

"तिने काय मागितलं?"

"उद्या खोली उशिरा सोडायची परवानगी."

आता एका जाड माणसाने पेला ठेवला.

"आणि त्याने?"

"डॉल्फिन बघायचेत."

"दिले?"

"दिले."

"डॉल्फिनांना विचारलं का कोणी?"

राकान हसला नाही. गालिच्याची किनार सरळ करत तो म्हणाला, "रोज चार वाजता असतो हा कार्यक्रम, काका. 'इच्छेचा पेला' नाव आहे त्याचं. पत्रकात छापलंय."

"त्याला हे शिकवलं कोणी?"

राकानने छातीवरची पट्टी चाचपली.

"मी. नोकरीला लागलो तेव्हा म्हणाले, इथल्या चालीरीती लिहून द्या, आम्हाला त्यांचा मान राखायचाय. मी सतरा पानं लिहिली. मला वाटलं, खरंच मान राखतील."

"शाबास. सतरा पानं!" सुवैलिमने त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिले. "तू कोणाचा?"

"दखीलल्लाहचा नातू."

"नावाडी दखीलल्लाह? एकाने पेला खाली ठेवला म्हणून ज्याने आपली नवी होडी शिडासकट देऊन टाकली, आणि पुढची दोन वर्षं दुसऱ्यांच्या होडीवर जाळी ओढली, तो?"

"तोच."

"त्याचा नातू पेल्याची पत्रकं छापतो. आता छातीवरच्या पट्टीवर आजोबांचं नाव लाव, पाहुण्यांना आवडेल."

राकानचे कान लाल झाले, पण तो उठला नाही. मारिसेल नावाची परदेशी मुलगी, जरीकाम केलेल्या बेदुइनी पोशाखात, वाकून आली. तिने गार झालेला पेला उचलला आणि वाफाळता दुसरा सुवैलिमच्या हातात दिला. हेन्ड्रिकने लांबूनच अंगठा दाखवला. सुवैलिमने तोही पेला खाली ठेवला.

"ऐक, पोरा. त्या माणसाच्या 'दिलं'ला मी धरत नाही. त्याला आपण काय बोलतोय ते ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. तेव्हा तू सांग. नोकर म्हणून नको, दखीलल्लाहचा नातू म्हणून सांग. पिऊ?"

त्या प्रश्नात काय होते ते या तंबूत त्या दोघांनाच कळत होते. राकानने हो म्हटले आणि खाडी गेली, तर शब्द त्याच्या घराचा मोडणार. पाहुण्याचा पेला भरलेलाच राहिला, तरी ते नाव किनाऱ्यावर पसरायला एक शुक्रवार पुरे: अमक्याच्या दारी म्हाताऱ्याची कॉफी गार झाली. असल्या घरात कोणी मुलगी देत नसे, तिथली करत नसे, आणि त्यांच्या मयताला लोक लांबच उभे राहत. राकानला तीन बहिणी होत्या. ते सुवैलिमला माहीत नव्हते. पण तीन नसत्या तर एक असती, एवढे त्याला कळत होते.

हेन्ड्रिक पाहत होता म्हणून राकानने चेहऱ्यावर हसू आणले. ते हसू तसेच ठेवून, ओठ जेमतेम हलवत तो म्हणाला, "पिऊ नका, काका."

"का?"

"दोर बांधायचे खांब बोटीवर चढलेत. मागच्या धक्क्याला उभी आहे ती. उद्या दुपारी ठोकायला येतील. सोबत पहारेकरी असतील. दोराच्या आत जी होडी सापडेल, ती उचलून नेणार. तुम्ही इथे प्यालात, घरी जाऊन 'मिळालं' म्हणालात, तर उद्या सगळ्या आत सापडतील. त्यांना तेच सोयीचं आहे. सकाळच्या आत काढा." त्याने हेन्ड्रिककडे बघून मान डोलावली, जणू म्हातारा कॉफीची तारीफ करत होता. "मी सांगितलं असं कळलं, तर..."

"कळलं मला."

सुवैलिम गुडघ्यावर हात रोवून उठला. पेला गालिच्यावर भरलेलाच राहिला. त्याच्या हयातीत त्याने हे दोनदा पाहिले होते, आणि दोन्ही वेळा ते घर अंगणात बॉम्ब पडावा तसे सुन्न झाले होते. इथे कोणी मान वळवली नाही. लाल नाकाची बाई पायाला तेल चोळत होती. मारिसेल मात्र धावत आली आणि हातवारे करून विचारू लागली, कॉफी बांधून देऊ का? उसाच्या चोथ्याचा पेला होता तिच्या हातात. राकानने सवयीने भाषांतर केले, "मातीत विरघळतो, काका. पर्यावरणाला त्रास नाही."

"मग बरं," सुवैलिम म्हणाला. "त्रास काय तो आम्हालाच."

धक्क्यापर्यंत राकान सोबत आला, नियमाप्रमाणे. उतेक, सुवैलिमच्या भावाचा मुलगा, होडी धरून उभा होता. आत म्हातारा मुसल्लम आणि आणखी दोघे बसले होते. पहाऱ्यावरच्या माणसाने त्यांना उतरू दिले नव्हते, म्हणून ते दोन तास उन्हात होते. राकानने सलाम केला. चौघांपैकी कोणी परत केला नाही. तो वळून चालू लागला.

"ठेवलात पेला?" उतेकने विचारले.

सुवैलिमने एक पाय होडीच्या कडेवर ठेवला. राकान अजून ऐकू येईल इतक्या अंतरावर होता. त्याची चाल मंदावली होती. हेन्ड्रिकचे इथे काही बिघडणार नव्हते. त्याची मुदत संपली की तो विमानात बसणार आणि दुसऱ्या कुठल्या किनाऱ्याचा मान राखणार. या मुलखात बुडेल असे नाव त्या यजमानांत एकाचेच होते, राकानचे.

"नाही," सुवैलिम म्हणाला. "प्यालो."

"मागायच्या आधी?"

"हातात दिली, प्यालो."

समुद्र धक्क्याच्या खांबांवर चुळबुळत होता.

"आणि खाडी?" मुसल्लम म्हणाला.

"विचारायचं राहिलं. मागच्या धक्क्याला खांबांची बोट दिसली मला. उद्या दुपारी येतील. सकाळच्या आत होड्या काढायच्या."

"विचारायचं राहिलं!" मुसल्लम हसला, आणि त्या हसण्यात दात नव्हते तरी ते चावले. "चौदा घरांनी धाडला याला. गार वारा लागला आणि म्हातारा लोडावर विरघळला. एकतीस वर्षं नोकरी केली ना सरकारची! खुर्ची दिसली की पाठ वाकते."

"पुढच्या वेळी बायकांना पाठवू," तिसरा म्हणाला. "त्या तरी पेला खाली ठेवतील."

सुवैलिमने हात पुढे केला. उतेक दुसरीकडे बघत दोर सोडत होता. सुवैलिम स्वतःच कडेला धरून आत उतरला आणि नीट बसण्याआधीच इंजिन सुरू झाले. त्याचा गुडघा फळीवर आपटला. खाडीच्या उत्तरेला दगडांच्या आड भरतीला चार हात पाणी राहते. मोठ्या होड्या आधी, लहान मागून, जाळी सगळ्यात शेवटी. त्याने हा क्रम एकदा सांगितला, मग पुन्हा एकदा सांगितला. कोणी हो म्हटले नाही, पण ऐकत सगळे होते.

बेट मागे पडल्यावर उतेक तोंड न वळवता म्हणाला, "कॉफी तरी कशी होती?"

सुवैलिमने दुखरा गुडघा दाबला.

"चांगली होती," तो म्हणाला. "वेलची जरा जास्त."