चिकटपट्टीवरची तारीख

आमच्या इमारतीत जिन्याखाली पत्र्याचं एक छोटं कपाट होतं. त्यात पॉवर सप्लाय आणि त्याच्या पोटात एक बॅटरी. पुढच्या आणि मागच्या दाराला चुंबकाची कुलपं. ती वीज आहे तोवर दार घट्ट धरून ठेवतात आणि वीज गेली की सोडून देतात. म्हणून बॅटरी हवी. वीज नसली तरी कुलपं, सहा कॅमेरे आणि धोक्याची घंटा चार तास चालली पाहिजेत, ही सगळी योजना आमच्या ह्यांनी केलेली.

ह्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरीघरात गेली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ह्यांचे शर्ट धुवायला घेतले की मी आधी उजेडात धरून बघायचे. प्रत्येकावर टाचणीएवढी भोकं, ॲसिडच्या थेंबांची. मी रफू करत बसायचे आणि हे म्हणायचे, "राहू दे गं, तेवढीच हवा लागते." निवृत्तीनंतर इमारतीचं ते कपाट म्हणजेच ह्यांचं बॅटरीघर झालं. दर तीन वर्षांनी बॅटरी बदलायची, तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर काळ्या मार्करने तारीख घालायची. अक्षर असं की छापलेलं वाटावं.

आणि वर्षातून एकदा परीक्षा. दुपारी मेन स्विच बंद करायचा आणि जिन्याजवळ खुर्ची टाकून बॅटरी किती टिकते ते घड्याळ लावून बघायचं. डब्यावर कंपनीने काय छापलंय त्यावर ह्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी विणकाम घेऊन शेजारी बसायचे. दर अर्ध्या तासाने हे मीटरवरचा आकडा सांगायचे, मी वहीत लिहायचे. चार तास. संसारात आम्ही दोघं निवांत बोललो असू तर बहुतेक तिथेच, जिन्याखाली. शेवटच्या वर्षी मी खुर्च्या काढल्या, तर हे म्हणाले, मागच्याच आठवड्यात झाली की परीक्षा. झालेली नव्हती. मी खुर्च्या परत आत नेल्या.

आता पावणेआठबद्दल सांगायला हवं. आमचा दिवसपाळीचा रखवालदार. त्याची पाळी आठला सुरू व्हायची आणि तो रोज पावणेआठला हजर, म्हणून ह्यांनीच त्याला ते नाव दिलं. पुढे पोरंबाळंसुद्धा तेच म्हणू लागली आणि तोही ओ देऊ लागला. परीक्षेच्या दिवशी तो दाराशी उभा राहायचा आणि ह्यांना विचारून विचारून सगळं शिकला होता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बॅटरी बदलायची वेळ आली होती. हे दुकानातून नवी घेऊन आले, दोन दिवसांनी स्क्रू ड्रायव्हर आणि मार्कर घेऊन खाली गेले आणि तासाभराने खुशीत वर आले. झालं काम, म्हणाले. संध्याकाळी पाळी संपल्यावर पावणेआठ दारात उभा. हे आत बातम्या ऐकत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, रागावू नका. काकांनी जुनी बॅटरी पुसली, तिच्यावर नवी पट्टी लावून आजची तारीख घातली आणि कपाट बंद केलं. नवी खाली आणलीच नव्हती."

मी आत जाऊन शिवणयंत्राखाली बघितलं. खोकं तिथेच होतं, फोडलेलंसुद्धा नव्हतं.

मी त्याला म्हटलं, कुणाला बोलू नका, मी बघते. तो मान हलवून गेला.

मी काही बघितलं नाही. दोनदा विषय काढला, तर ह्यांचा चेहरा असा झाला की मीच विषय बदलला. "मी बदलली नाही असं म्हणतेस?" ज्या माणसाने तेहेतीस वर्षं एक्सचेंज बंद पडू दिलं नाही, त्याला मी हो कसं म्हणणार होते? मधे एकदा पावणेआठने विचारलं, "काकू, झालं का ते?" मी म्हटलं, होईल. असे एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी दुपारी रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर बंद पडला. मी भाजी घेऊन आले तर लिफ्ट बंद. पावणेआठने कार्ड लावून दार उघडलं, आत आल्यावर ते खट्कन बसलं, कपाटावरचा दिवा हिरवा होता, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. माझे गुडघे बघून त्याने माझ्या दोन्ही पिशव्या उचलल्या आणि चौथ्या मजल्यापर्यंत आणून दिल्या. ह्यांनी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, मीटरबद्दल काहीतरी सांगत बसले. पंधराएक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात खाली जुन्या बॅटरीने मान टाकली. दोन्ही कुलपं सुटली, कॅमेरे आंधळे झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या घरातून त्यांच्या आईच्या बांगड्या गेल्या. आई जाऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी सगळ्यांना खाली बोलावलं. ते एकेकाळी शाळेचे हेडमास्तर, त्यामुळे चौकशी म्हणजे त्यांचा हातखंडा. त्यांनी कपाट उघडून पट्टीवरची तारीख सगळ्यांना दाखवली. वीस दिवसांची बॅटरी वीस मिनिटांत संपते का? नाही. म्हणजे कपाटातला स्विच कुणीतरी हाताने बंद केला. कुणी? पिशव्या नेताना दार पुन्हा पुन्हा उघडायला नको म्हणून ज्याने सोय बघितली, त्याने. पावणेआठ म्हणाला, दार बंद होतं, काकूंना विचारा.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांनीसुद्धा.

"माझ्या लक्षात नाही," मी म्हटलं.

पावणेआठ माझ्याकडे बघत राहिला. बॅटरीचं त्याला माहीत होतं. बोलला असता तर तिथल्या तिथे सुटला असता. पण मी बोलू नका म्हटलं होतं आणि हे समोर बसले होते. त्याने टोपी काढली, बगलेत धरली आणि उभा राहिला. दोन दिवसांनी एजन्सीने त्याला काढून टाकलं. त्याच्या जागी आलेला रखवालदार सव्वाआठला यायचा.

तीन आठवड्यांनी, कुणाला हाताने बंद करता येणार नाही असा नवीन पॉवर सप्लाय निवडायची बैठक ठरली. एक सेल्समन रंगीत पुस्तिका घेऊन आला. सेक्रेटरींनी मानाने ह्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. मला धास्ती होती की हे काहीतरी भलतंच बोलतील, कारण त्याच सकाळी चहा घेतला की नाही हे ह्यांनी मला तीनदा विचारलं होतं. पण कागद समोर आला आणि हे पुन्हा बॅटरीघरात गेल्यासारखे झाले. दोन कुलपांचा एक अँपिअर. सहा कॅमेऱ्यांचा दीड. घंटा आणि कार्डयंत्राचा अर्धा. तीन अँपिअर, चार तास, बारा. "बॅटरी म्हातारी होते," ते सेल्समनला म्हणाले, "म्हणून वर पाव भाग धरायचा. पंधरा. बाजारात अठराची मिळते, ती घ्या." सेल्समनने तीन अँपिअरचा सप्लाय पुढे केला, तर ह्यांनी तो बाजूला सारला. तीनमध्ये दारं चालतील, पण बॅटरी उपाशी राहील. पाचचा हवा. शिवाय आगीची घंटा वाजली तर बॅटरी भरलेली असो नसो, कुलपं आधी सुटली पाहिजेत. माणसं बाहेर पडली की मग चोराचं बघू.

लोक हसले. सेल्समन लिहून घेत होता. एक आकडा चुकला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि क्षणभर वाटलं, कदाचित मीच वेडी, ह्यांना काही झालेलंच नाही.

मग सेल्समनने विचारलं, जुनी बॅटरी सोबत वापरायची का, नवीच आहे म्हणे.

"नवीच आहे," हे म्हणाले. "मी स्वतः बदलली."

सेक्रेटरींनी सगळ्यांकडे बघितलं. "ऐकलंत? म्हणजे तो माणूस खोटंच बोलत होता." नर्सबाई म्हणाल्या, त्याला पोलिसांतच द्यायला हवं होतं, अजूनही देता येईल.

मी उठले. लिफ्टची वाट बघायचंही सुचलं नाही, चार मजले चढले. शिवणयंत्राखालचं खोकं ओढून काढलं. पाच-सहा किलोचं होतं, पण छातीशी धरून एकेक पायरी उतरले आणि टेबलावर ह्यांच्यासमोर ठेवलं.

"अहो," मी म्हटलं, "ही ती नवी बॅटरी. खाली लावायची राहिली. पावणेआठने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. आणि त्या दिवशी दार बंद होतं. माझ्या चांगलं लक्षात आहे."

 ह्यांनी खोक्यावरून हात फिरवला, चिकटवलेली पावती वाचली. मग उठून जिन्याखाली गेले, कपाट उघडलं आणि पांढऱ्या पट्टीचं टोक नखाने धरून हळूहळू ओढलं. खाली जुनी पट्टी होती. तीन वर्षांपूर्वीची तारीख, त्याच अक्षरात.

"मग ही वरची कुणी लिहिली?"

"तुम्हीच."

ह्यांनी निघालेली पट्टी जुन्या पट्टीशेजारी धरून बघितली. नंतर खिशातला मार्कर काढून माझ्या हातात दिला. "इथून पुढे तू लिही," म्हणाले आणि जिना चढू लागले. लिफ्ट चालू होती, तरी चालतच गेले.

सेक्रेटरींनी एजन्सीला पत्र लिहिलं. त्याची एक प्रत मी स्वतः घेऊन गेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला कागदाच्या गोदामाच्या फाटकावर तो उभा होता. मला स्टूल दिलं. पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मी माफी मागितली. इथे पाळी सातची असते, म्हणाला, "आता पावणेसात झालोय, काकू." मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, परत या.

"नको. नर्सबाई येता-जाता बघणार. पत्र वाचलं तरी बघणारच." मग म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी बोलाल असं वाटलं होतं."

मी स्टुलावरून उठले. त्याने विचारलं, काका कसे आहेत.

हे भराभर खालावत गेले. आधी रस्ते विसरले, मग माणसं, मग शर्टाची बटणं. माझं नावसुद्धा गेलं. एवढं मात्र कुठेतरी रुतून बसलं होतं. दुपारचा चहा झाला की माझ्याकडे बघून विचारायचे, "त्याला परत बोलावलं का?" सुरुवातीला मी खरं सांगितलं. मग हे उठून चपला शोधायचे, खाली जाऊन सेक्रेटरींना भेटायचं म्हणायचे, दार धरून थरथरत उभे राहायचे. पुढे मी हो म्हणू लागले. रोज हो. आणखी एक खोटं, आणि ते मी दोन वर्षं चालवलं.

शेवटच्या महिन्यात एका रविवारी पावणेआठ आला. पत्ता विचारायची त्याला गरज नव्हतीच. ह्यांच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला. ह्यांनी त्याला ओळखलं नाही. पण बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग त्यालाच विचारलं, "त्याला परत बोलावलं का?"

मी दारात होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"हो काका," तो म्हणाला. "आलाय तो. कधीचाच आलाय."

हे समाधानाने डोळे मिटून पडले. त्यानंतर त्यांनी ते पुन्हा कधी विचारलं नाही.

आता जिन्याखालचा सप्लाय स्वतःच स्वतःची परीक्षा घेतो, म्हणे, आणि निकाल सेक्रेटरींच्या फोनवर पाठवतो. तरी वर्षातून एका दुपारी मी खुर्ची टाकून तिथे बसते. एकच खुर्ची लागते. बॅटरी बदलली की तारीख मीच घालते. माझं अक्षर वाकडं येतं, आणि घालण्याआधी खाली एखादी जुनी पट्टी तर नाही ना, ते मी बघते.