लिफाफेबाबांची पारदर्शक निविदा

आमच्या नगरपालिकेच्या खरेदी विभागात एवढी गर्दी मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती. नकाशावाले, जन्ममृत्यूवाले, पाणीपुरवठावाले, सगळे टेबलं सोडून आमच्या दारात चवड्यांवर उभे. आत लिफाफेबाबा बसले होते आणि बंद लिफाफा न फोडता आतला मजकूर सांगत होते.

बाबांना आणलं साहेबांनी. साहेब माणूस वाईट नाहीत, पण निर्णय घ्यायचा म्हटलं की ते फाइल दुसऱ्याच्या टेबलावर सरकवतात. गेल्या वर्षी हात धुण्यावरची फिल्म त्यांनीच मंजूर केली होती. तिच्यात नट तीन मिनिटं कोरडेच हात चोळत होता, कारण नळाला पाणी नव्हतं, आणि वरून काळा माइक त्याच्या टकलावर पुन्हापुन्हा टेकत होता. लोक हसून हसून आडवे झाले. म्हणून यंदा साहेबांनी मेहुण्याचं ऐकून थेट दैवी मदत मागवली.

यंदाचं काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मुख्य पाइप फुटून पाण्यात घाण मिसळली होती. दवाखान्यात जुलाबाच्या रोग्यांना खाटा पुरत नव्हत्या, त्यात लहान मुलंच जास्त. पाणी उकळून प्या, हे सांगणारी पाच मिनिटांची फिल्म आणि रेडिओसाठी तिचंच ध्वनिमुद्रण पंधरा दिवसांत हवं होतं. पाच निविदा आल्या होत्या. प्रत्येक लिफाफ्यात न दुमडलेला एकच कागद: वर ठळक अक्षरांत फिल्मचं नाव, खाली निवेदनाची पहिली ओळ. ही अट मीच टाइप केली होती.

"लिफाफा म्हणजे देह!" बाबा गरजले. "कागद म्हणजे आत्मा! आणि डिंक म्हणजे मोह!"

"वा!" साहेब म्हणाले.

बाबांनी अत्तराच्या बाटलीतून पहिल्या लिफाफ्यावर 'चैतन्यजल' फवारलं. टेबलावरच्या दिव्यासमोर तो कपाळाजवळ धरला, डोळे अर्धवट मिटले. "दिसतंय... नाव आहे 'बुडबुडे'. पहिली ओळ... 'आई, हे पाणी पिऊ का?'"

मग मिनिटभर पुटपुटत लिफाफा हवेत हलवला आणि साहेबांच्या हातात दिला. लिफाफा कोरडा ठणठणीत. साहेबांनी फोडला. अक्षर न् अक्षर बरोबर! दारातली बाई "अगंबाई!" म्हणून मटकन खाली बसली.

"पण कंपनं अशुभ आहेत," बाबा म्हणाले. "बाद करा. शुभ लिफाफा चौथा. तो मला घरी बसूनच दिसला होता."

मला वाईट वाटलं. 'बुडबुडे' दोन बहिणींनी पाठवली होती आणि ती एक ओळ ऐकूनच दवाखान्यातली मुलं माझ्या डोळ्यांसमोर आली होती. दुसरा आणि तिसरा लिफाफाही तसाच अशुभ निघाला. चौथ्याआधी बाबांनी चहा मागवला.

सभेचं ध्वनिमुद्रण करायला माझी थोरली वहिनी कोपऱ्यात हेडफोन लावून बसली होती. ती आमच्याच कार्यालयात ध्वनिमुद्रण खोली सांभाळते, सगळे तिला टेपताई म्हणतात. तिनं मला खुणेनं तिच्या खोलीत बोलावलं.

"भावजी, बाबांच्या पाण्याला कसला वास आला?"

"अत्तराचा."

"त्याच्या खालचा?"

मी आठवून पाहिलं. "दवाखान्याचा? सुई टोचायच्या आधी पुसतात तसा?"

"स्पिरिट! मी रोज त्यानंच जुन्या टेपमशीनची हेडं, टेप घासून जाते ते भाग, पुसते. तुमच्या खिशातला तो बंद लिफाफा द्या बघू."

"वहिनी, तो खासगी आहे."

तिनं तो काढून घेतलाच. स्पिरिटात बुडवलेला कापसाचा बोळा फिरवला मात्र, पांढरा लिफाफा तेलकट कागदासारखा आरपार दिसू लागला. वहिनी वाचू लागली, "रजेचा अर्ज. कारण, पाय मुरगळला. अहो, कधी मुरगळला?"

"पुढच्या सोमवारी," मी म्हणालो.

मिनिटभरात स्पिरिट उडून गेलं. डाग नाही, सुरकुती नाही.

चहा संपला तेव्हा वहिनी एक नवा लिफाफा घेऊन बाबांसमोर उभी राहिली. "महाराज, आधी एवढा बघता का? माझ्या मनातली एक गोष्ट आहे."

बाबा प्रसन्न झाले. फवारा मारला, दिव्यासमोर धरला. "दिसतंय... ठळक अक्षरं... खुर्ची... खाली... विंचू—"

आणि बाबा टुणकन टेबलावर! एका हातात झगा, दुसऱ्या हातात लिफाफा. साहेब फायलींच्या कपाटावर कसे पोचले ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

"पण वाचलं की नाही बरोबर!" साहेब वरून ओरडले.

"वाचलं ना. विंचू नाही तिथं, उतरा खाली. आता तुम्ही वाचा," वहिनी म्हणाली. बाबांची बाटली आणि माझा लिफाफा तिनं साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी घाबरत घाबरत फवारलं, दिव्यासमोर धरलं. "अरेच्चा! दिसतंय! पाय... मुरगळला..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताबडतोब लंगडायला लागलो.

"माझी शक्ती साहेबांत उतरली!" बाबा टेबलावरून म्हणाले.

"असं? मग हा वाचा." वहिनीनं आणखी एक लिफाफा पुढे केला. त्यातला कागद तिनं दोन काळ्या जाड कागदांच्या मध्ये ठेवला होता. बाबांनी अर्धी बाटली रिकामी केली. लिफाफ्यातून थेंब गळू लागले.

"अंधार..." बाबा कण्हले. "अज्ञानाचा घोर अंधार..."

साहेबांनी लिफाफा फोडला. आत लिहिलं होतं: बाबा, आता खाली उतरा.

दारातली गर्दी छप्पर उडेल अशी हसली. चौथा लिफाफा रीतसर फोडला, तर तो कोरड्या हातांच्या फिल्मवाल्याचा निघाला. तो बाबांचा सख्खा साडू होता आणि अभिनंदनासाठी स्वतःच पुष्पगुच्छ घेऊन जिन्यात थांबला होता. दोघंही पोलिसांच्या गाडीतून गेले. साडूची निविदा बाद झाली.

निविदा निवडायची समिती पुन्हा बसली, या वेळी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन. चारही कागद साहेबांनी मोठ्यानं वाचले. आधी आवाज कापत होता, मग ते प्रश्न विचारू लागले, शेवटी चक्क वाद घालू लागले. सगळ्यांनी गुण दिले आणि 'बुडबुडे' निवडली गेली. चौदाव्या दिवशी फिल्म शाळाशाळांत लागली, रेडिओवरून घरोघरी गेली. लोक पाणी उकळू लागले. तिकडे पाइपही बदलला आणि दवाखान्यातल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या. त्यात चमत्कार कसलाच नव्हता.

बाबांनी त्या दिवशी स्पिरिटपेक्षा मोठी वस्तू वापरली होती, ती म्हणजे आमचा आळस. विचार करायचं काम दुसऱ्या कुणी करून दिलं तर आम्हाला हवंच होतं. तेव्हा मंडळी, कुणी अद्भुत काही दाखवलं तर जरूर बघा, पण हात जोडण्याआधी वास घ्या, हात लावा, हे कसं केलं म्हणून विचारा आणि स्वतः करून पाहा. डोकं प्रत्येकाला जन्मतःच मिळतं, आणि ते वापरायला निविदा मागवावी लागत नाही.