मागचं डावं चाक

चांदपाशांनी अंगठ्याचं नख नव्या टायरच्या रबरात रुतवलं आणि उमटलेली बारीक रेघ दिपालीला दाखवली.

"हे बघा मॅडम, ह्याच्यात नख जातं. नरम माल. आवाज बिलकुल नाही करणार, पण पस्तीस-चाळीस हजार किलोमीटरात बसंल. आणि हा," त्यांनी शेजारचा टायर पायानं पुढं सरकवला, "हा कडक. साठ हजार कुठं गेले नाहीत. पण गाणार. तुमच्या विजेच्या गाडीला इंजिन नाही, म्हणजे सगळं गाणं तुम्हालाच ऐकावं लागणार."

"मला दोन्ही पाहिजे, चाचा. टिकायलाही पाहिजे आणि गप्पही बसायला पाहिजे."

"असा तर नवराबी मिळत नाय," चांदपाशांच्या पाठीमागं प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या दिपालीच्या सासूबाई, दगडाबाई, म्हणाल्या.

दिपाली खळखळून हसली. तिला हसताना बघून चांदपाशाही हसले, पण जरा उशिरानं. सासूबाई काय बोलल्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या बोलल्या हेही त्यांना सुनेच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

हे असं गेल्या दिवाळीपासून चाललं होतं. तीस वर्षं कानाशेजारी एअर गन कडाडली, रिमवर हातोडे पडले, त्याची किंमत शरीरानं कधीतरी मागायचीच. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग फोन. फेब्रुवारीत ते गुपचूप एका डॉक्टरांकडे जाऊन आले होते. डॉक्टरांनी कानाला मशीन लावायला सांगितलं, तेव्हापासून त्यांनी त्या रस्त्यानंच जाणं सोडलं. घरात बायकोला, सगीराला, काय ते कळलं होतं. ती आता समोर येऊन बोलायची, पण त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. दुकानात मात्र कुणाला पत्ता नव्हता. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या त्यांच्या सवयीला गिऱ्हाइकं अदब समजत होती.

आणि दुकान तर त्यांच्या कानावर चालत होतं. मुकुंदवाडीपासून चिकलठाण्यापर्यंतचे मेकॅनिक गाडी अडली की म्हणायचे, पाशाभाईला ऐकवून आण. मालक सर्जेराव नव्या गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचे, 'आमच्याकडं मशीन नंतर, आधी पाशाभाईचा कान.' त्यांचा शिरस्ता ठरलेला होता. आधी जुन्या टायरवर एक चक्कर, डोळे मिटून. मग जुने टायर उतरवून त्यांच्यावरून तळहात. मग काय ते बोलायचं. डिझेल गाड्यांत अजून निभत होतं. इंजिनाची थरथर हातापायांतून यायची, बाकीचं अंदाजानं जुळवायचं. या विजेच्या गाड्या आल्या आणि तोही आधार गेला. गाडी चालू आहे की बंद, हेही कळायचं नाही.

"चाचा, आधी चक्कर मारायची ना?" दिपालीनं किल्ली पुढं केली. "आवाज फार येतोय हो, महिनाभर झाला. घूं घूं, घूं घूं. शाळेत दिवसभर साठ पोरांचा कालवा, घरी टीव्ही. पाचोडला जायचा-यायचा तास तेवढा माझा एकटीचा. त्यातही हे!"

चांदपाशांनी किल्लीकडे बघितलं. हात पुढं करायचा तो त्यांनी फडक्याला पुसत ठेवला.

"चक्कर कशाला? टायर तोंडानं सांगतायत ना, संपलो म्हणून. बेचाळीस हजार झाले. गाडी वजनाला भारी, उठती जोरात. घासणारच. आवाज त्याचाच."

दिपालीनं किल्ली पर्समध्ये टाकली. तीस वर्षांत पहिल्यांदा पाशाभाईंनी न ऐकता निकाल दिला होता, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना स्वतःला वाटलं. पण त्यांनी लगेच आत जाऊन तिसरा टायर काढून आणला आणि बोलत राहिले. आपण बोलत असलो की समोरच्याचं ऐकावं लागत नाही, हे त्यांना अलीकडे उमगलं होतं.

"हा घ्या. मधला माल. ही नक्षी बघा, एक ठोकळा मोठा, एक बारका, एक आडवा. एका मापाची नाही. एका मापाची नक्षी एकच सूर धरती, तो डोक्यात जातो. ही धरतच नाही. पन्नास हजार आरामात. आणि वजन पेलायचा आकडा तुमच्या गाडीच्या हिशोबाचा आहे, तो मी बघितला."

हे सगळं खरं होतं. टायरातलं त्यांचं ज्ञान काही कानाबरोबर गेलं नव्हतं. दिपालीनं चारही तेच सांगितले.

राम कामाला लागला. राम त्यांच्या हाताखाली तयार झालेला फिटर, दोन लेकरांचा बाप, कामाला चोख. त्यानं चाकं काढली. चांदपाशांनी सवयीनं प्रत्येक जुन्या टायरवर खडूनं जागा लिहिली: पुढचा उजवा, पुढचा डावा, मागचा उजवा. तळहात मात्र फिरवला नाही, निकाल तर देऊनच झाला होता. मागच्या डाव्या चाकाची रिम धरली तेव्हा ती मधोमध चांगलीच गरम लागली. बाकीच्या तीन लागल्या नव्हत्या. मार्चचं ऊन, गाडीची तीच बाजू उन्हात, म्हणून त्यांनी हात झटकला आणि पुढचं काम बघितलं.

नवे टायर चढल्यावर मात्र दिपाली अडून बसली.

"आता तरी बसा, चाचा. तुम्ही ऐकून सांगा, मगच निघते. आईंना पाचोडला सोडायचंय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, गचके नकोत."

सर्जेराव गल्ल्यावरून बघत होते. चांदपाशा दिपालीच्या शेजारी जाऊन बसले. दगडाबाई काळा चष्मा सावरत मागं डावीकडं बसल्या.

गाडी जालना रोडला लागली. चांदपाशांनी चप्पल काढून तळवा खाली टेकवला, डावा पंजा दारावर ठेवला आणि डोळे मिटले. बघणाऱ्याला वाटावं, माणूस ध्यानाला बसलाय. तळव्यातून रस्त्याचा सांधा आला, गतिरोधक आला, पुन्हा सांधा आला. त्यापलीकडं काही नाही. विहिरीत दगड टाकावा आणि खालून काहीच परत येऊ नये, तशी त्यांची गत झाली. चिकलठाण्यावरून गाडी वळली तरी ते काहीतरी ऐकू येण्याची वाट बघत होते.

खांद्यावर हात पडला तसे ते दचकले. दगडाबाई पुढं वाकल्या होत्या. चांदपाशांनी घाईनं मागं वळून त्यांच्या ओठांवर नजर लावली.

"भाऊ, आजून घूं घूं करतंय की. माज्या बुडाखालीच."

"नवा टायर आहे मावशी. रबराला बारीक केस असतात, चार-पाचशे किलोमीटरात झडून जातात."

"टायरचं नाय ते. आतून येतंय. मेंढरामागं चाळीस वर्सं काढली म्या. डोळे गेले आसतील, कान हाय जाग्यावर."

"मलाही थोडा येतोय, चाचा," दिपाली त्यांच्याकडे वळून म्हणाली. "का मला भास होतोय?"

दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. आत्ता म्हणायचं होतं: मला ऐकू येत नाही. चार शब्द. ते जिभेवर आलेही. मग डोळ्यांपुढं गल्ल्यावरचे सर्जेराव आले, रामचा चेहरा दिसला, दुकानाच्या बाकावर दिवसभर बसून राहणारा एक म्हातारा दिसला, ज्याला कुणी काही विचारत नाही. चांदपाशा फार घाबरले.

"खामोश," ते म्हणाले. "एकदम खामोश गाडी आहे."

दिपालीचा चेहरा सैल झाला. "बघा आई. चाचांना कळतं ना."

दगडाबाई काळ्या चष्म्याआडून चांदपाशांकडे बघत राहिल्या, आणि गाडी दुकानापाशी थांबेपर्यंत त्यांनी तोंड फिरवलं नाही.

दोघी गेल्या. चांदपाशा चहाचा ग्लास घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले. दिपालीचे चार जुने टायर तिथं भंगारवाल्याची वाट बघत टेकून उभे होते. त्यांनी बसल्या बसल्या एकावर हात ठेवला. हाताला तीस वर्षांची खोड. तळहात पुढं गेला, मागं आला.

गुळगुळीत.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. आवाज करणारा टायर हाताला लपत नाही. एका अंगानं हात सरकतो, उलट्या अंगानं करवतीसारखा अडतो. त्यांनी दुसरा टायर बघितला, तिसरा बघितला. चौथ्यावर त्यांच्याच हातचा खडू होता: मागचा डावा. त्याच्यावरून त्यांनी हात दोनदा फिरवला, मग डोळे मिटून तिसऱ्यांदा फिरवला. चारही टायर एकसारखे झिजले होते. ते कधी बोललेच नव्हते. महिनाभर बोलत होतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते अजून गाडीतच होतं.

गरम रिम. चाकातलं बेअरिंग गेलंय.

करमाडजवळ त्यांनी एकदा बेअरिंग जाम झालेली जीप बघितली होती. चाक सुटून गाडीच्या पुढं पळालं होतं आणि माणसं मागं राहिली होती. ती किती होती ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं. पाऊण तास होत आला होता. झाल्टा फाटा मागं पडला असेल, आता सगळा मोकळा हायवे, आणि म्हातारी नेमकी त्याच चाकावर बसलेली.

बिलाच्या कागदावर दिपालीचा नंबर होता. घाईत तो लावताना ते दोनदा चुकले. टायरांच्या थप्पीआड, कुणाला दिसणार नाही अशा जागी उभं राहून त्यांनी फोन केला. पहिल्यांदा पडद्यावर नुसता नंबर चमकत राहिला आणि विझला. दुसऱ्यांदा सेकंद पळायला लागले. कुणीतरी उचलला होता.

"मॅडम, मी चांदपाशा. गाडी हळू हळू बाजूला घ्या. आत्ताच्या आत्ता. मागचं डावं चाक खराब आहे, पळवू नका. मावशींना खाली उतरवा. ऐकताय ना?"

त्यांनी फोन कानाला दाबला. काही नाही. स्पीकर चालू करून दुसऱ्या कानाला लावला. काही नाही. मग त्यांनी फोन तळहातावर धरला, आणि तळहाताला गुदगुल्या झाल्यासारखं बारीक थरथरलं. पलीकडे कोणीतरी बोलत होतं. थांबलं. पुन्हा बोललं. थांबलो म्हणत होतं, का काय म्हणालात म्हणत होतं, का ओरडत होतं? सेकंद पळत होते. चौदा, पंधरा, सोळा.

चांदपाशा थप्पीआडून बाहेर आले. गल्ल्यापाशी एक गिऱ्हाईक होतं, राम टायरात हवा भरत होता. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. सरळ सर्जेरावांपुढं फोन धरला.

"मालक, काय म्हणतायत ते ऐका." त्यांचा आवाज नको तेवढा मोठा निघाला, राम मान वर करून बघायला लागला. "मला ऐकू येत नाही. लई दिवस झाले, येत नाही."

सर्जेरावांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि फोन घेतला. मग पाठ फिरवून एक बोट दुसऱ्या कानात घातलं. चांदपाशांना त्यांची पाठ तेवढी दिसत होती. पाठीवरून काही कळत नाही. राम कम्प्रेसर बंद करायला धावला. गिऱ्हाईक भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलं. चांदपाशांनी गल्ल्याची कड घट्ट धरली आणि मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं.

सर्जेराव वळले. नेहमी जिथून ओरडायचे तिथून ते ओरडले नाहीत. गल्ल्याला वळसा घालून समोर आले, चेहरा उजेडात येईल असे उभे राहिले आणि एकेक शब्द तोंड भरून बोलले.

"थांबल्यात. आडूळच्या अलीकडं. म्हातारीनं चाकाला हात लावला, चटका बसला म्हने. दोगीबी बऱ्या हायत."

चांदपाशांना प्रत्येक शब्द कळला. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. तीस वर्षांत सर्जेराव त्यांच्याशी असे कधी बोलले नव्हते. यापुढं असेच बोलणार होते.

त्यांनी जॅक आणि पान्यांची पेटी उचलली आणि बाहेर उभ्या पिकअपकडे निघाले. सर्जेरावांनी मागून काहीतरी हाक दिली असावी. मग चूक लक्षात येऊन ते झपझप पुढं आले आणि पुन्हा समोर उभे राहिले.

"पाशाभाई, रामला संगं घ्या," ते म्हणाले. बोलताना त्यांची नजर खाली गेली होती, ती त्यांनी मुद्दाम वर आणली. "तो ऐकंल."

चांदपाशांनी मान डोलावली. पिकअपची किल्ली त्यांनी रामच्या हातात दिली आणि स्वतः डावीकडं जाऊन बसले. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.